मुदत संपलेला भोंगा

मी बोलतोय. बोईसरच्या कारखान्यांना लागून एक चाळ आहे. तिच्या शेवटच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी ठेवलेला जुना संगणक म्हणजे मी. सध्या माझ्याकडून कोणी आवाजाची अपेक्षा करत नाही, म्हणून बोलायला सवड आहे.

जन्म कुठे झाला ते आठवत नाही. शुद्ध आली ती पालघरच्या एका वकिलाच्या ऑफिसात. तिथे मी वर्षानुवर्षं नोटिसा छापल्या. नवा संगणक आला आणि मला माळ्यावर टाकलं. तिथून धीरजने आणलं. धीरज कारखान्यात पाळीवर जातो. त्याची बायको दीपाली दुपारी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिने माझ्या पंख्यातली वाळकी पाल काढली, धूळ पुसली आणि म्हणाली, "चालेल हा." इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

घरात तिसरे दिनानाथबाबा, धीरजचे वडील. मूळचे माकुणसारचे. उमेदीची वर्षं रंगाच्या कारखान्यात गेली आणि वासाची जाण कायमची गेली. मागच्या नाल्यातून एखाद्या दुपारी असा वायू यायचा की शेजारणी ओढणी तोंडाला लावून बाहेर पळायच्या. बाबा मात्र खाटेवर तसेच.

"मला काय व्हतंय? मला वासच येत नाय," म्हणून हसायचे आणि मग बराच वेळ खोकायचे.

दीपाली त्या हसण्याला घाबरायची. तिने ठरवलं, बाबांचं नाक आपण करायचं. काडेपेटीएवढा सेन्सर खिडकीत लावला, त्याची वायर मला जोडली. हवेत वायू वाढला की माझ्याकडे येणारा आकडा चढायचा. आकडा पन्नासच्या वर गेला की मी भोंगा वाजवायचा. तेवढा प्रोग्राम ती घरी लिहू लागली.

माणसांनी लिहिलेला प्रोग्राम मला थेट कळत नाही. तो माझ्या भाषेत करून देणारा दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. दीपालीकडे फुकट मिळणारा होता. तो कामाला चोख, पण कुरकुऱ्या. दर दोन ओळींनी इशारे: इथे आकडा मावणार नाही, तिथे हे रिकामं राहिलंय. वायरवरचे आकडे वाचायची सोयही त्यात तयार नव्हती. दीपाली रडकुंडीला आली.

तेव्हा धीरजचा मित्र मेहुल आला. "वहिनी, फुकटच्या वस्तूवर बाबांचा जीव ठेवणार? कंपन्या वापरतात तो घ्या. थोडे दिवस वापरून बघायलाही देतात."

"आणि आवडला तर विकत घेऊ," धीरज म्हणाला.

वापरून बघायला आणलेला हा विकतचा दुभाषी खरंच देखणा होता. सगळं तयार, बटणं दाबा की झालं. सुरुवातीला त्याने अटींचं एक लांबलचक पान दाखवलं. दीपालीने न वाचता 'मान्य' दाबलं. मी ते पान वाचलं होतं. वापरून बघायची मुदत संपली की या दुभाष्याने केलेले प्रोग्रामही थांबतील, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण माझं वाचणं माझ्यापाशीच राहतं.

भोंगा वाजू लागला. शेजारी राहणारी कमळी, डोंगरातल्या पाड्यावरून बांधकामावर आलेली, कौतुकाने म्हणाली, "तुमच्या घराला नाक आलं की वो." दीपाली निर्धास्त झाली. वीज वाचवायला ती माझा पडदा बंद करून कामाला जाऊ लागली.

आणि एक दिवस त्या काळ्या पडद्यामागे एक चौकट उभी राहिली: मुदत संपली आहे, पुढे जाण्यासाठी इथे दाबा. दाबायला कोणी नव्हतं. प्रोग्राम थांबला. सेन्सर आकडे पाठवत राहिला, पण ते वाचून भोंगा वाजवणारं कोणी उरलं नाही. बाहेरून मी चालू दिसत होतो. हिरवा दिवाही लागलेला.

त्याच दुपारी वायू आला. आकडा साठ झाला, ऐंशी, मग शंभराच्या वर. बाबा झोपलेले. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मग तोही बारीक झाला. मी पंखा फिरवत राहिलो. मला तेवढंच येत होतं.

कमळी नळावर आली होती, तिला वास आला, म्हणून बाबा वाचले. "बाबा, उठा! ओ बाबा!" ती दार ढकलून आत आली, बाबांना काखेत धरून ओढतच बाहेर घेऊन गेली.

इस्पितळातून परतल्यावर दीपालीने माझा पडदा सुरू केला. चौकट तिथेच होती. ती वाचून तिने पदर तोंडात धरला. "मीच 'मान्य' दाबलं होतं, न वाचता," एवढंच बोलली.

मग ती कुरकुऱ्या दुभाष्याकडे परतली. त्याचा प्रत्येक इशारा वाचला, प्रत्येक चूक सुधारली. आता भोंग्याला मुदत नव्हती. तो वाजायचा, आणि बरेचदा वाजायचा.

चाळीचा मालक कमलेश दारात आला. "धीरजभाऊ, रोज कशाला घाबरवता? दोन भाडेकरू सोडून गेले. आवाज बंद करा, नायतर खोली खाली करा."

दुसरी खोली कुठे मिळणार? दीपालीने पन्नास खोडून ऐंशी लिहिलं. पुन्हा तक्रार आली. परवा तिने दीडशे लिहिलं. तिचा हात बटणावर बराच वेळ थांबला होता. दुभाष्याने तेही माझ्या भाषेत करून दिलं. या वेळी त्याने एकही इशारा दिला नाही. त्याच्या लेखी यात चूक नव्हतीच.

आता दुपार आहे. दीपाली क्लासला, धीरज पाळीवर. कमळीचं काम संपलं, ती पाड्यावर परतली. बाबा समोर झोपलेत. आकडा एकशे तीसवर आहे आणि चढतो आहे. सांगितल्याप्रमाणे मी गप्प आहे.

तुम्ही या बाजूला असाल, तर शेवटच्या खोलीचं दार ढकला. कडी लावलेली नाही.