डावीकडची रिकामी जागा

"श्वास रोखून धरा," भिंतीतल्या स्पीकरमधून आवाज आला. कंडक्टरने मुकाट्याने धरला. जन्मभर लोकांना पुढे सरकायला लावणारा माणूस आता हात डोक्यावर घेऊन स्वतःच एका गोल यंत्रात पुढे-मागे सरकत होता.

दुपारी तिकिटं देता देता पाठीतून अशी कळ निघाली, की जांघेपर्यंत गेली आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ड्रायव्हरने मागचापुढचा विचार न करता उतारूंसकट अख्खी बस हॉस्पिटलच्या दारात आणून उभी केली. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन टोचलं आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"ड्यूटीवर नाही पीत. बस थांबवून जाणार कुठे?"

"मग खडाच असणार. पण नेमका कुठे अडकलाय, केवढा आहे, ते सीटी स्कॅनमध्ये बघू."

स्कॅन करून परत आणलं, तेव्हा खाटेशी वहिनी उभ्या होत्या. ड्रायव्हरने फोन केला असणार. घरात ही दोनच माणसं. भाऊ गेल्यापासून वहिनी त्याला वेळेवर जेवायला वाढत, शर्टाचं बटण तुटलं तर न सांगता लावून ठेवत. फक्त त्याला काही विचारत नसत. 'पोळ्या झाकून ठेवल्यात,' 'उद्या पाणी येणार नाही,' एवढंच बोलणं. पूर्वी त्याच वहिनी लग्नावरून त्याची इतकी फिरकी घेत, की तो ताटावरून उठून पळायचा.

का विचारत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रक्तगट याचाच जुळत होता. तपासणीच्या सकाळी याने दुसऱ्याची ड्यूटी मागून घेतली आणि दिवसभर बसमध्ये उभा राहिला. पुढच्या वेळीही तेच केलं. भीती वाटली, बस्स. मग तिसरी वेळ आलीच नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. चेहरा जरा गोंधळलेला. "खडा आहे. उजव्या नळीत अडकलाय. पण काका, तुमची डावी किडनी कधी काढली?"

"काढली? नाही हो."

"कुणाला दिली होती का? भावाला वगैरे?"

तो छताकडे बघत राहिला.

"नाही," वहिनीच म्हणाल्या. "यांनी कुणाला काही दिलेलं नाही."

बाईंनी शर्ट वर करून कूस पाहिली. कुठे टाक्याची साधी खूणही नव्हती. "मग जन्मापासूनच एक असणार. असतं काही जणांना, कळतही नाही. पण एकुलती एक आणि तीच अडलीये, म्हणून आजच आत नळी घालून वाट मोकळी करावी लागेल." असं म्हणून त्या तयारीला गेल्या.

कंडक्टरचं डोकं चालेना. म्हणजे देण्यासारखं आपल्याकडे काही नव्हतंच? हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, आणि लगेच त्याची लाज वाटली.

"वहिनी, मी गेलो असतो तरी..."

"परत पाठवलं असतं. कळलं मला."

"पण मला हे माहीत नव्हतं."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "दोन आहेत असं समजूनच तुम्ही गेला नाहीत."

"हो."

वहिनी स्टुलावर बसल्या. "इतकी वर्षं मनात धरून बसले, भाऊजी. आता सोडावं, की तसंच ठेवावं? काही समजत नाही बघा."

त्यालाही समजत नव्हतं. त्यांनी राग सोडला, तर आपण कशाच्या आधाराने त्या घरात राहायचं, असा एक वेडा विचारसुद्धा मनात येऊन गेला.

न्यायला माणसं आली. त्यांनी उशाशी ठेवलेली त्याची तिकिटाच्या पैशांची कातडी बॅग वहिनींच्या हातात दिली. ती कुठे ठेवावी ते न सुचून त्यांनी स्वतःच्याच खांद्याला अडकवली, आणि चिल्लर खुळखुळवत ढकलगाडीबरोबर चालू लागल्या. दाराशी त्या वाकल्या.

"भाऊजी, फार दुखतंय का?"

इंजेक्शनने दुखणं केव्हाच थांबलं होतं.

"हो," तो म्हणाला. "फार दुखतंय."