अर्ध्या परवान्यावरची सोबत

रंगीमारिएला अर्धा परवाना मिळून आठवडाच झाला होता. पहिला टप्पा, पिवळ्या 'एल'च्या पाटीचा, तिने पार केला तो कोरोंच्या शिकवणीच्या जिवावर. कोरो म्हणजे तिचे आजोबा. मागच्या वर्षी देवाघरी गेले. प्रार्थनाघरात ते प्रवचन गाऊन सांगायचे, आणि नातीच्या शेजारी बसून गाडी शिकवतानाही वळण आलं की तेच गुणगुणायचे.

आता दुसऱ्या टप्प्याचा नियम असा, की गाडी चालव, पण एकटीने. रात्री दहानंतर नाही. शेजारी कुणी हवंच असेल, तर दोन वर्षं पूर्ण परवाना बाळगलेलं माणूस. नियम मोडला की दंड, वर परवान्यावर काळे गुण. ते साठले की परवानाच जातो. आणि घाटापलीकडच्या नर्सिंगच्या शाळेत तिला सोमवारपासून रोज जायचं होतं. तिकडे बस नाही. परवाना गेला, तर शाळाही गेली.

त्या सकाळी घरची मंडळी कोरोंना त्यांच्या आजोळच्या मराएवर, म्हणजे गणगोताच्या सभाघरी, न्यायला निघाली होती. माणूस जाऊन वर्ष झालं, की त्याची तसबीर घेऊन गणगोताकडे जायचं, अशी रीत. तसबीर डिकीत घालत नाहीत, एकटी सोडत नाहीत. आणि त्या वाटेवर 'तो नाही' असं कुणी म्हणत नाही. तो असतो. सगळ्यांत मानाचा पाहुणा तोच.

दोन गाड्या पुढे गेल्या. घर आवरून, कुलूप लावून रंगीमारिए मागून एकटी येणार होती. तेवढ्यात मेरेआना मावशीचा फोन.

"अगं बये, कोरो कुठं आहेत?"

"तुमच्या गाडीत नाहीत?"

"आम्हाला वाटलं दुसरीत, दुसरीला वाटलं आमच्यात! इथं फाटकाबाहेर उभ्या आहोत, आतल्या बायका पाहुण्यांना आत घ्यायची हाक घालायला तयार, आणि नवरदेव घरी! घेऊन ये त्यांना."

"मावशी, मला शेजारी कुणी बसवता येत नाही."

"चाळीस वर्षं गाडी हाकली त्यांनी. त्यांच्यापेक्षा पूर्ण परवाना कुणाचा गं?" मागे बायका खिदळल्या.

रंगीमारिएने तसबीर शालीत गुंडाळली, शेजारच्या सीटवर बसवली आणि पट्टा लावला. खटका वाजल्याची खात्री केली.

घाटाच्या पायथ्याशी दिवसाढवळ्या धुकं दाटलं होतं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. त्यातून एक पोलीस पुढे आला. शहरातून नुकता बदलून आलेला, कोवळा पोरगा. त्याने परवाना मागून घेतला.

"दुसऱ्या टप्प्यातली. एकटीच आहेस ना?"

साधा प्रश्न. पण 'नाही' म्हणावं तर सोमवार गेला. 'हो' म्हणावं तर कोरो गेले.

"हो. एकटीच."

टिंग. टिंग. टिंग. गाडीतली घंटा वाजू लागली. शेजारचा पट्टा सुटून लोंबत होता.

"कुणी नाही, तर ही कुणासाठी वाजतेय?" पोलिसाने वाकून पाहिलं. शालीतलं गाठोडं तेवढं दिसलं. पण त्या बाजूच्या काचेवर, आतून, तोंडाएवढी वाफ धरली होती. ती हळूच विरली. पुन्हा धरली. थंडीत माणूस श्वास घेतं तशी.

खोटं जीभ बोलते, पण कापरं साऱ्या अंगाला भरतं. रंगीमारिएने चाकावरचे हात खाली घेतले.

"मी खोटं बोलले, सर. एकटी नाहीये. माझे कोरो आहेत बरोबर." मग तिने सगळं सांगितलं.

त्या काचेकडे बघत पोराने परवाना खिशात घातला. "परवाना माझ्याकडे राहू दे. वर पोचल्यावर ठरवू. मी माझ्या गाडीने पुढे चालतो, माझे लाल दिवे सोडू नकोस."

तिने पट्टा पुन्हा लावला. घंटा थांबली. वळणावळणाला तिला गुणगुणणं ऐकू येत होतं. इंजिनाचं असेल असं ती मनाला सांगत होती. शेजारी बघायचा धीर होत नव्हता. मधेच पुढच्या दिव्यांचा वेग एकाएकी कमी झाला, ते जवळजवळ थांबले, मग डोंगराच्या अंगाला चिकटून सरकले. तीही तशीच सरकली.

मराएच्या फाटकाशी पोलीस उतरला, तो पांढराफटक.

"तिसऱ्या वळणावर निम्मा रस्ता दरीत गेलाय. मी वेगात होतो. आरशात पाहिलं, तर एवढ्या धुक्यातही तुझ्या शेजारचे म्हातारे मला तळवा दाखवताना स्पष्ट दिसले. हळू, हळू."

"शेजारी तसबीर होती, सर."

"टोपी होती डोक्यावर. डावी भुवई कापलेली."

मावशीने येऊन शाल सोडली. टोपी. डावी भुवई, कुंपणाच्या तारेने कापलेली. पोलिसाने स्वतःची टोपी काढली. परवाना रंगीमारिएच्या हातात ठेवताना त्याची बोटं बर्फासारखी होती.

"पूर्ण परवान्याचा माणूस शेजारी होता," तो पुटपुटला. "गुन्हा घडला नाही."

आतून बायकांची लांब, रडवेली हाक उठली. रंगीमारिएने तसबीर उचलायला हात घातले, आणि ती उचलेना. अंगभर दमलेल्या माणसाएवढं तिचं वजन झालं होतं. मावशी पुढे आली. तिने दुसऱ्या बाजूने काखेत हात घालावा तसा हात घातला, आणि दोघी त्यांना चालवत आत घेऊन गेल्या.