निळ्या तारेची साक्ष

मी निळी तार बोलतेय. तशी दिवसभर बोलतच असते म्हणा, पण ते दुसऱ्यांचं. कारखान्याच्या पॅनलमधून पंपाला निरोप द्यायचा, पंपाचं उत्तर आणायचं. आज जरा माझं सांगते.

माझ्याबरोबर एक पांढरी होती. आम्ही जन्मलो तेच एकमेकींना पीळ घालून. तो पीळ हौसेचा नव्हता. शेजारची मोठी मोटर सुरू झाली की अंगावर धक्का यायचा, पण दोघींना सारखाच, म्हणून निरोप शाबूत राहायचा. आमच्याच वेष्टनात नारिंगी आणि हिरवी अशी दुसरी जोडी होती. रिकामी; असू द्यावी म्हणून ठेवलेली.

आम्हाला बसवलं नानांनी. वायरमन माणूस, हात फार हळुवार. साल काढताना माझ्या तांब्याला कधी ओरखडा उठू दिला नाही. पंपावर त्यांचे दाजी होते, बहिणीचे यजमान. नानांनीच त्यांना तिथं चिकटवलं होतं.

"मेव्हणे, तारांशी बोलता त्याच्या निम्मं आमच्याशी बोला की," दाजी चिडवायचे.

"तारा उलट बोलत नाहीत," नाना म्हणायचे.

मग पॅनलमध्ये नवं यंत्र आलं. सगळ्या तारा सोडून परत जोडायच्या, आणि साहेब डोक्यावर उभे. त्या गडबडीत नानांनी मला नारिंगीबरोबर जोडलं, दोन्ही टोकांना. पांढरी नुसतीच मला बिलगून राहिली. तपासणीचा बझर वाजला; त्याला फक्त वाट जुळलेली कळते, पीळ कुणाशी ते नाही. दार लागलं.

नारिंगी बिचारी वाईट नव्हती. पण तिचा पीळ हिरवीशी. मोटर सुरू झाली की मला एक धक्का बसायचा, तिला वेगळाच, आणि निरोप वाटेत मोडायचा. एका दुपारी दाजींनी पंप बंद करायचं बटण दाबलं. निरोप माझ्याच अंगावर तुटला. टाकी भरून वाहिली, खालचा सगळा माल भिजला.

"बटण दाबलं होतं, साहेब."

"मग पंप काय तुमच्यावर रुसला होता?"

दाजी नानांकडे वळले. "नाना, एकदा उघडून बघा. तुम्ही म्हणाल ते खरं."

नानांनी पॅनल उघडलं. बॅटरीच्या उजेडात त्यांची बोटं माझ्यावरून फिरत आली आणि नारिंगीपाशी थांबली. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी नारिंगी सोडवली, पांढरीला जागेवर बसवलं. पंपाच्या पेटीतही जाऊन तेच केलं.

"आत काही दोष नाही," ते साहेबांना म्हणाले.

दाजींनी पंपाची किल्ली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. "घरी तुमच्या बहिणीला काय सांगायचं, ते तुम्हीच सांगा."

आता मी परत पांढरीजवळ आहे. मोटर कितीही गरजू दे, एक निरोप चुकत नाही. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "माणूस गेला, बिघाड गेला." मी जितकी नीट बोलते, तितके दाजी खोटे ठरतात. ज्या हातानं मला जपलं, त्यानंच मला या कामाला लावलं.

नाना अजून येतात. धूळ पुसतात, बोलत मात्र नाहीत.

कुणी कधी हे दार उघडलंत, तर माझ्याकडे नका बघू. शेजारच्या रिकाम्या नारिंगीच्या टोकाची चिकटपट्टी काढा. आत तांबं उघडं दिसेल. मग नानांना एवढंच विचारा, जिला कधी कामच नव्हतं, तिला सोललं कुणी?