ओल्या हातांचं कव्हर

आई लॉन्ड्रीत चादरी धुते. ओल्या हातातून निसटून तिचे दोन फोन फुटलेत. हा तिसरा. ताई लांब सासरी, तिचे दिवस भरत आलेत, फोन कधीही येईल. म्हणून हाताने लाकडी कव्हर कोरणाऱ्या सुतारकाकांकडे आम्ही दोघं गेलो.

मी एक चकचकीत कव्हर उचललं. "आई, हे बघ, कसलं भारी दिसतंय."

"मला काय त्यात तोंड बघायचंय?" असं म्हणत आईने पिशवीतून साबणाच्या पाण्याची बाटली काढली आणि काकांसमोरच हात माखले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, राग मानू नका. माझे हात दिवसभर असेच असतात."

"राग कसला वहिनी, होऊन जाऊ दे." काकांनी खाली जुनी उशी सरकवली.

माझं चकचकीत कव्हर लगेच सटकलं. वेलबुट्टीवालंही गेलं. मग आईने कडेला आडव्या खाचा पाडलेलं, पॉलिश न केलेलं एक घेतलं. हात हलवला, झटकला, उलटा केला. ते जागचं हललं नाही. मी बघतच राहिलो. असं तपासून घ्यायचं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

"आता उशी काढा," आई म्हणाली आणि तिने त्यात खरा फोन बसवला.

"आई, नको गं."

तिने तशाच हाताने ताईला फोन लावला. "हात ओलेच आहेत माझे, पण तू बोल."