तयार उत्तर

अवघड प्रश्न आला की बाबूजी आधी चष्म्याची उजवी काडी कानामागे सारखी करत. काडी मुळात हललेली नसायची. पण तेवढ्या वेळात त्यांना उत्तर सापडायचं, आणि समोरच्याला वाटायचं, माणूस विचार करून बोलतो. अंजनाने हे इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांचा हात कानाकडे निघाला, की या प्रश्नाचं उत्तर आपण लिहून दिलेलं नाही, हे तिला लगेच कळायचं.

अंजना बालाघाटच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिचे वडील भोजराजजी, म्हणजेच बाबूजी, दुसऱ्यांदा आमदार झाले होते. त्यांचं बोलणं कटंगीच्या पट्ट्यातलं, शेतकरी घरातलं मराठी. विधानसभा आणि पेपरवाले मात्र हिंदीतले. म्हणून पहिल्या निवडणुकीपासून मुलाखतींची तयारी अंजनाकडे आली होती. बैठकीत ती पत्रकार होऊन समोर बसायची आणि आडवंतिडवं विचारायची. छत्तीसगड वेगळं झाल्यावर आपल्या वाट्याची वीज गेली कुठे? धानाची खरेदी दरवर्षी उशिराच का? बाबूजी मराठीत चाचपडत, ती त्याचं नेटकं हिंदी करून देई. मनापासूनचं त्यांचं उत्तर एकच होतं, करून राह्यलो, म्हणजे करतोच आहे. रस्त्याचं काय? करून राह्यलो. पुलाचं काय? करून राह्यलो. माय चहा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, "करून राह्यलो म्हणतेत, अन् राहूनच जाते सारं." त्यावर सगळ्यांत मोठ्याने बाबूजीच हसायचे.

मायला, विमलाबाईंना, जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या होत्या. भाऊबीजेला ती माहेरी गेली आणि तिथे तिला ताप चढला. मेंदूचा मलेरिया होता. क्विनीन वेळेवर शिरेतून गेलं असतं तर बहुधा ती वाचली असती. पण गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हता. जीपमध्ये निजवून बालाघाटला आणली तेव्हा ती कोणालाच ओळखत नव्हती.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईची बदली त्याच पावसाळ्यात शहरात झाली होती, आणि तिच्या जागी कोणी आलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई प्रेमलालकाकांची भाची. प्रेमलालकाका बाबूजींचे जुने कार्यकर्ते, आणि बदलीची शिफारस बाबूजींची. यात लपवलेलं काही नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी बोलत नव्हतं.

तेरवीच्या दिवशीच अंजनाने मनाशी ठरवलं होतं की यापुढे यांची उत्तरं आपण लिहायची नाहीत. पण तेव्हा बाबूजींना घास जात नव्हता. मग अधिवेशन आलं. मग त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. ती लिहीत राहिली, दर वेळी हे शेवटचं म्हणून.

निवडणूक जवळ आली आणि गावातल्या केबलवाल्यांनी मुलाखत ठरवली. प्रश्न विचारणारा गजेंद्र एकेकाळचा अंजनाचाच विद्यार्थी. त्या दिवशी प्रेमलालकाका सकाळीच येऊन बसले. या वेळी डॉक्टरांच्या रिकाम्या जागांवर विचारणार, हे त्यांनी बाहेरून काढून आणलं होतं. इतक्या जागा भरल्या, तितक्यांची जाहिरात निघाली, असलं काही सांगत बसू नका, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग ते अंजनाकडे वळले.

"बेटा, एक ओळ भाभीजींवर टाक. त्याच्यापुढं कोणाचं तोंड उघडते?"

बाबूजी नकार देतील म्हणून अंजना थांबली. ते जमिनीकडे पाहत राहिले. ती स्वतःही नाही म्हणाली नाही, पाहू म्हणाली. मग ते वाक्य प्रेमलालकाकांनीच जुळवून दिलं.

तालमीला तिने तोच प्रश्न विचारला. बाबूजींनी सुरुवात केली, "मैंने तो खुद अपनी धर्मपत्नी को," आणि त्या शब्दावर त्यांचा गळा दाटला. घरात ते मायला विमल म्हणत. 'धर्मपत्नी' हा शब्द या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. पुढचं बोलता येईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी उपरण्याने टिपलं. दोन वर्षांत अंजनाने त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. तिला वाटलं, उसन्या शब्दांनी का होईना, गाठ सुटली. आपण यांना उगाच कठोर समजत होतो. तिने त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्याजवळ खाली बसली.

"बाबूजी, हे तिथं नोका बोलू. मायचं आपल्याजवळच राहू द्या."

"हौ," बाबूजी म्हणाले.

त्यांच्या बोलीत हौ म्हणजे कबूल. आणि हौ म्हणजे नुसतं ऐकलं, एवढंही. लोक बाबूजींकडे नळाचं, पुलाचं, पोराच्या नोकरीचं सांगायला येत, एक हौ घेऊन समाधानाने परत जात आणि पुढे वर्षभर वाट पाहत. हे या घरात वाढलेल्या अंजनाला कोणी सांगायला नको होतं. तरी तिने ते हौ कबुलीचं धरलं.

दुपारी गजेंद्र कॅमेरावाल्याला घेऊन आला. अंजनाच्या पाया पडला, मॅडम समोर बसल्या तर सवालच विसरेन म्हणाला. ती दाराशी उभी राहिली. विजेचा प्रश्न अर्ध्यावर असतानाच लाइट गेली.

"लीजिए विधायकजी, आधा सवाल तो बिजली ने ही पूछ लिया," गजेंद्र म्हणाला. बाबूजीही हसले. शेजारच्या दुकानातून जनरेटरची वायर ओढेपर्यंत त्यांचा हात दोनदा चष्म्याकडे जाऊन आला.

मग डॉक्टरांचा प्रश्न आला. गजेंद्रने तो सरळ विचारला. गावोगावचे दवाखाने रिकामे आणि शहरात एकेका खुर्चीवर दोन-दोन डॉक्टर, हे कसं?

बाबूजींचा हात कानाकडे गेला नाही.

"मैंने तो खुद अपनी धर्मपत्नी को," ते म्हणाले, आणि त्यांचा गळा दाटला. त्याच शब्दावर. तेवढंच थांबून त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि या वेळी "डॉक्टर के बिना खोया है" म्हणून वाक्य पुरं केलं.

प्रयोगशाळेत एकच गोष्ट दोनदा तशीच घडली की अंजना मुलांना सांगायची, आता हिच्यावर विश्वास ठेवा. इथे तीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली आणि तिच्या हातून सकाळचं रडणंही गेलं. ते खरं होतं की तालमीचं, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. माय एकदा त्या तापात गेली होती. आज बैठकीत, जनरेटरच्या आवाजात, पुन्हा गेली.

गजेंद्रच्या हातातल्या कागदावर पुढचा प्रश्न होता. त्याने कागद उलटा ठेवला, मान खाली घातली आणि आता काही विचारायचं नाही म्हणाला. प्रेमलालकाकांनी दुरूनच मान डोलावली. तेच मग पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले.

बैठकीत दोघंच उरली. बाबूजींनी कॉलरचा माइक काढलेल्या जागी सदरा सारखा केला.

"बरं झालं ना व, अंजू? गजेंद्र तं गपच झाला."

ती जनरेटरची वायर गुंडाळू लागली. तेव्हा ते जरा हळू आवाजात म्हणाले, "तुले वाटत असन, नाटक केलं. मले खरंच रडू आलं."

"आलं असन, बाबूजी."

 ते उठून पंख्याखाली गेले, आणि लाइट नाही हे आठवून परत खुर्चीत बसले. जबलपूरचा पेपरवाला मंगळवारी येणार आहे, म्हणाले. तोही हेच विचारणार.

"तेच ठेव. नाही तं एक-दोन शब्द बदलून लिहून दे."

अंजनाने समोरची खुर्ची, जिच्यावर बसून ती इतकी वर्षं पत्रकार व्हायची, ती उचलून भिंतीला लावली.

"नाही, बाबूजी," ती म्हणाली. "मी आता तुमची उत्तरं लिहिणार नाही. हे नाही अन् यापुढचं कोणतंच नाही. अन् मायले डॉक्टर काहून नाही भेटला असं मले कोणी विचारलं, तं बदली कोणी केली ते मी सांगीन."