सरांचा पहिला शब्द

प्रेमावरच्या पुस्तकांनी घराघरात पोहोचलेले प्राध्यापक अत्तिलिओ बेर्तानी लॉस एंजेलिसच्या आमच्या कॉलेजात शिकवत. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, हा त्यांचा विषय. पहिल्याच वर्षी मी कॉलेज सोडलं, तेव्हा ते आमच्या घरी आले, माझ्या आईच्या हातचं जेवले आणि मला परत घेऊन गेले.

पुढे मी शिक्षिका झाले. म्हातारपणी सरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायचे आणि त्यांनीच शिकवलेले ओठांचे, जिभेचे व्यायाम त्यांच्याकडून करून घ्यायचे. ते वैतागून तोंड फिरवायचे.

"रुसा खुशाल, सर. मी काही जात नाही," मी म्हणायचे.

एका दुपारी त्यांची थोरली बहीण असुंता त्यांना सूप भरवत होती. सरांनी तोंड वाकडं केलं, कसेबसे ओठ जुळवले आणि म्हणाले, "मीठ!"

असुंताच्या हातातला चमचा पडला.

"ऐकलंस, रोझान? जगाला प्रेम शिकवलं आणि आता पहिला शब्द काय, तर मीठ! अरे, डॉक्टरांनी बंद केलंय ते!" ती ओरडत होती आणि डोळेही पुसत होती. सर हसत होते. त्यांनी आधी तिचा हात धरला, मग माझा.

वर्षभराने ते पुन्हा वर्गात उभे राहिले. एकेका शब्दाला वेळ लागत होता, पण विद्यार्थी शांतपणे थांबत होते. मागच्या बाकावर बसून मी ऐकत होते. असे शिक्षक लाभले आणि त्यांच्या उपयोगी पडता आलं, हे माझं भाग्यच.