अकरा बायकांची दहा मिनिटे

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी माझ्या वडिलांवर लेख लिहिला, तो त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात, अमेरिकेत बेलव्ह्यूला मुलाच्या घरी. छत्तीस वर्षे मुंबईच्या म्युनिसिपल शाळांत मी दुसऱ्यांचे निबंध तपासले. स्वतःच्या लेखनातला दोष मला दिसत नाही, असे कुणी समजू नये. लेखात दोष एकच होता आणि तो शेवटच्या वाक्यात होता : 'बाबांनी आपल्या साप्ताहिकात वाचकांपासून एकही शब्द कधी दडवला नाही.' हे वाक्य खोटे होते. लिहिताना ते मला ठाऊक होते.

सोमवारी लेख छपाईला जायचा होता. शनिवारी सकाळी नात अनया माझा हात ओढू लागली.

"आजी, कम ऑन! कोपऱ्यावर गराज सेल आहे."

लोकांच्या घरातली अडगळ आपल्या घरात आणण्याची चाल मला या देशात अजून पटलेली नाही. परंतु डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते, म्हणून गेले. अनया खेळण्यांकडे धावली. मी दिवे, तवे, काचेचे हत्ती ओलांडत गेले आणि एका खोक्यापाशी थांबले. खोक्यात दोरीने बांधलेले कागदांचे गठ्ठे होते. वरचा कागद फुंकरीने उडेल इतका पातळ होता, आणि त्यावरचे बारीक, दाट इंग्रजी मी साठ वर्षांनी पाहिले तरी ओळखले. बर्लिनहून निघणारे ते कम्युनिस्ट चळवळीचे वार्तापत्र होते. जगभरच्या कामगारांच्या बातम्या त्यात असत. आमच्याकडे ते जहाजावरच्या खलाशांच्या हाती, बिस्किटांच्या डब्यांच्या तळाशी लपून येई.

घरमालकीण म्हणावी अशी पन्नाशीची एक बाई जवळ आली. कॅरल तिचे नाव. "ते फुकट घेऊन जा," ती म्हणाली. "डॅडचं जुनं राजकारण. कुणी नेलं नाही तर रद्दीत जाईल. तो सोव्हिएत देशच दोन वर्षांपूर्वी बंद झाला, आता कागद कशाला सांभाळायचे?"

गठ्ठ्यावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली होती. मी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. आर्वो लेहटो.

दाराशी घडीच्या खुर्चीवर एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. डाव्या हाताला दोनच बोटे होती. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि इंग्रजीत विचारले, "आर्वो लेहटो आपले कोण?"

"मीच. का, पोलिसांनी पाठवलंय?"

"एकतीस सालच्या ऑगस्टमध्ये आपला मृत्यू झाला," मी म्हणाले.

त्याने मला पायातल्या बुटांपासून नऊवारीपर्यंत आणि तिथून अंबाड्यापर्यंत न्याहाळले. "मला कुणी कळवलं नाही," तो म्हणाला. "कॅरल, या बाईंना खुर्ची दे. माझ्या मयताला आल्यात."

मी बसले. जी गोष्ट मी मुलाला सांगितली नव्हती, नवऱ्याला सांगितली नव्हती, ती या परक्या माणसाला सांगायची होती. आणि सांगितली की माझे वडील त्याच्या नजरेत लबाड ठरणार होते. उठून घरी जाता आले असते. खोके रद्दीत गेले असते, लेख छापला गेला असता. परंतु अकरा वर्षांची असताना जे नाव मी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत स्वतःच्या हाताने जुळवले, ते धारण करणारा माणूस समोर बसून कॉफी ढवळत होता.

मी सांगायला सुरुवात केली.

माझे वडील मोरेश्वर परळला एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवीत. दिवसा मालकाचे काम, आणि उरलेल्या वेळात आपले स्वतःचे चार पानी साप्ताहिक, 'भोंगा'. संपादक ते, भाषांतरकार ते, जुळारी ते. माझी बोटे लहान आणि चपळ, म्हणून मला त्यांनी खिळे जुळवायला शिकवले. वाचता येणारे थोडे होते, त्यामुळे अंक निघाला की चाळीच्या गॅलरीत तो मोठ्याने वाचला जाई. वाचीतही मीच असे.

त्या ऑगस्टच्या वार्तापत्रात अमेरिकेतल्या एका संपाची बातमी आली. पहारेकऱ्यांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, चार ठार. चौथे नाव आर्वो लेहटो, वय बावीस. लाकूड कापायच्या गिरणीतला संप होता तो, पण बाबांनी नुसते 'गिरणी' लिहिले. आमच्या बायकांना जगात गिरणी एकच ठाऊक, सुताची. मी वाचत होते तेव्हा माझी रत्नाआत्या, बाबांची विधवा बहीण, पुढे सरकून बसली. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात ती पंधरा वर्षे होती.

"बाय, कुठच्या खात्यातला म्हटलंस तो?"

"ते लिहिलेलं नाही, आत्या."

"वाइंडिंगचाच असणार. बावीस वर्षांचं पोर. दुसरीकडं कुठं ठेवतील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता रत्नाआत्येसकट अकरा बायकांनी आपापली यंत्रे बंद केली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. दहा मिनिटे, गिरणीच्या घड्याळाने. तिसऱ्या दिवशी अकराही जणींना कामावरून काढून टाकले. त्यांची नावे 'भोंग्या'च्या पहिल्या पानावर आली. तीही मीच जुळवली.

तीन आठवड्यांनी पुढचे वार्तापत्र आले. त्यात एका कोपऱ्यात तीन ओळी होत्या : लेहटो जिवंत आहे, रुग्णालयात आहे, डाव्या हाताची तीन बोटे गेली. बाबांनी लगेच भाषांतर केले. मी जुळवले. बाबांनी ती जुळवलेली पट्टी हातात घेऊन पुन्हा वाचली. तेव्हा अकरा बायका रोज सकाळी गिरणीच्या दारात उभ्या राहत होत्या.

"बाय, मोड हे. खिळे पेटीत ज्याच्या त्याच्या घरात टाक."

"पण बाबा, तो जिवंत आहे ना?"

"बायकांना परत कामावर घेतलं की छापू. जिवंत माणसासाठी यंत्रं बंद केली म्हणून साहेब त्यांना हसेल. आज त्याच्या हातात काठी द्यायची नाही."

मी एकेक खिळा परत टाकला. बायकांना परत कोणी घेतले नाही. वर्षभरात 'भोंगा' बंद पडला. ती दुरुस्ती कधीही छापली गेली नाही.

इथपर्यंत म्हाताऱ्याने ऐकून घेतले. कॉफी तशीच निवली होती.

"आणि तुमची आत्या?" त्याने विचारले.

हेच सांगायचे सर्वांत कठीण होते. आमच्याकडे पितृपक्षात घातचतुर्दशी असते. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध त्या दिवशी करतात. रत्नाआत्या दर वर्षी त्या दिवशी वडे, खीर, भाजी करी आणि आर्वो लेहटोच्या नावाने कावळ्याला घास ठेवी. बाबा संतापत.

"रत्ना, कम्युनिस्टाच्या घरात हे काय चालवलं आहेस?"

"तुझं तू बघ, दादा. त्या पोराला परमुलखात कोण वाढणार आहे? त्यांच्यात पद्धत तरी असेल का?"

बाबा चपला घालून बाहेर निघून जात. एकदाही त्यांनी तिला खरे सांगितले नाही. ते वारल्यानंतर मी सांगू शकले असते. मीही सांगितले नाही. तिने सव्वीस वर्षे घास ठेवला आणि सत्तावन्न साली ती गेली.

म्हातारा खांदे गदगदवून हसला. "तेहेतीस साली मी रेल्वेच्या रिकाम्या डब्यांतून काम शोधत हिंडत होतो. उपाशी कसा मेलो नाही, हे मला कधी समजलं नव्हतं. तुमच्या कावळ्यांनी बरंच खाल्लं माझ्या वतीनं." मग तो हसायचा थांबला. "आमच्या गिरणीत त्या दिवशी एकही करवत थांबली नाही, बाई. आमच्यातले तिघे मेले, आणि मालकानं दुसऱ्या दिवशी दुप्पट पाळी चालवली."

"माझ्या वडिलांनी आपल्यावर अन्याय केला," मी म्हणाले. "आपल्यावर आणि त्या बायकांवर. मी त्यांची मुलगी आहे. जे म्हणायचे ते मला म्हणा."

त्याने दोन बोटांच्या हाताने खोक्याकडे खूण केली. "मी हे वाटत असे. फिनलंडहून आलेल्या आमच्या लोकांचं एक वर्तमानपत्र होतं, तेही. माझा भाऊ टोइवो बत्तीस साली रशियात गेला, कारेलियाला. आमच्यातले कितीतरी गेले, आपल्या लोकांचं राज्य बांधायला. सदतीस साली त्याची पत्रं थांबली; तिकडं आमच्याच लोकांना पकडून गोळ्या घालत होते. आमचं वर्तमानपत्र लिहीत होतं की तिकडं सगळं उत्तम आहे, आणि मी ते दारोदार देत होतो. आई विचारायची, 'टोइवोचं काही आलंय का?' मी म्हणायचो, 'पेपरात चांगलं लिहिलंय, आई.'" त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. "तुमच्या बापानं एक जिवंत माणूस दडवला. आम्ही मेलेली माणसं दडवली. त्याला माझ्यासमोर मान खाली घालायचं कारण नाही."

मी त्याला स्मरणिकेतला लेख आणि त्याचे शेवटचे वाक्य सांगितले.

"तर मग त्यात दुरुस्ती छापा," तो म्हणाला. "आणि चौथ्या पानाच्या तळाशी नको. आम्ही सगळ्या दुरुस्त्या तिथंच पुरायचो."

"आम्हीसुद्धा," मी म्हणाले.

"दहा मिनिटं म्हणालात ना?"

"दहा."

त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिले, काठी टेकून उभा राहिला आणि टोपी काढली. मला प्रथम समजले नाही. समजल्यावर मीही उठले. गिऱ्हाइके येत होती. कोणी दिव्याची किंमत विचारली, कोणी इस्त्री चालते का म्हणून विचारले. "डॅड, तुम्हाला काही होतंय का? बसा ना!" कॅरल धावत आली. मी तिला हाताने थोपवले. वर्ग शांत करायला मला आवाज कधीच लागला नाही. अनया एका बाहुलीला कवटाळून आमच्याकडे बघत राहिली. सातव्या मिनिटाला तो काठीवर वाकला. मी माझा हात पुढे केला, त्याने तो धरला, पण बसला नाही.

दहा मिनिटे झाल्यावर त्याने टोपी घातली आणि मुलीला सांगितले, "ते खोकं आत ने. विकायचं नाहीये." मग माझ्याकडे वळला. "त्या अकरा जणींची नावं मला लिहून द्या. माझ्या लिपीत."

मी दिली. पत्त्याच्या एका जुन्या चिठ्ठीमागे, ठळक अक्षरांत, पहिले नाव रत्ना.

घरी येऊन मी लेखातले शेवटचे वाक्य खोडले आणि त्याजागी नवा मजकूर लिहिला. कॉम्प्युटरवर टाइप करणारा माझा मुलगा श्रीरंग वाचता वाचता थांबला.

"आई, हे काय? आजोबांवर गौरवाचा लेख आहे हा. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, कोणाला कळणार आहे?"

"ज्याला कळायला हवे होते त्याच्याबरोबर आत्ताच कॉफी पिऊन आले."

"पण आजोबांची इमेज..."

"तुझ्या आजोबांनी हा मजकूर स्वतः लिहिला होता. छापायचा राहिला होता. टाइप कर. आणि लेखाच्या सुरुवातीला घाल, शेवटी नको."

त्याने टाइप केले. माझ्या घरात वाद इतकाच होतो.

स्मरणिकेत ते असे छापले गेले : 'दुरुस्ती. सन १९३१च्या ऑगस्ट महिन्यात साप्ताहिक "भोंगा"ने आर्वो लेहटो यांच्या निधनाचे वृत्त दिले होते. ते चुकीचे होते. श्री. लेहटो जिवंत आहेत. संपादकांना हे तीन आठवड्यांत समजले होते, परंतु त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही. खिळे मोडणारी मुलगी मी होते. या वृत्तावरून दहा मिनिटे काम थांबवून ज्यांनी नोकरी गमावली, त्या अकरा जणींची नावे पुढे देत आहे.' पुढे नावे होती.

ऑक्टोबरात घातचतुर्दशी आली. मी वडे, खीर, भाजी केली आणि कॅरलला फोन करून वडिलांना जेवायला आणायला सांगितले. म्हातारा धुतलेला सदरा घालून आला. ताटासमोर बसला, पण हात लावला नाही. खिशातून त्याने ती चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली आणि अकरा नावे मोठ्याने वाचली. त्याच्या तोंडी ती सगळीच वाकडी झाली. पार्वतीची पारवाटी झाली, गोदावरीचा मधला भाग पार हरवला.

"बरोबर म्हटलं का?" त्याने विचारले.

छत्तीस वर्षे मी पोरांचे उच्चार सुधारले आहेत. त्या दिवशी एकही सुधारला नाही. "जेवा आता," मी म्हणाले, आणि त्याच्या ताटात खीर वाढली.